संस्थानी सुधारणा आणि स्त्रीवादी दृष्टी

प्रश्न : आमच्या महिला वाचक मंडळाने राजकारण, साहित्य आणि कला यांतील स्त्रीवादी दृष्टी हा विषय चर्चेसाठी घेतला आहे. काही सभासदांच्या मते सयाजीराव महाराजांनी मुलींचे शिक्षण सक्तीचे केले, घटस्फोटाचा कायदा केला, त्यामुळे बडोद्याला या दृष्टीची वेगळी गरज नाही. शिवाय, स्त्रीने लिहिलेले किंवा रंगवलेले सगळेच स्त्रीवादी मानावे काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. निर्णय कोण घेते, त्याची किंमत कोण मोजते आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला मिळतो, हे विचारणारी ही दृष्टी आहे. ते प्रश्न पुरुषाच्या लेखनाला लागू होतात, तसेच स्त्रीच्याही.

पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला. देशव्यापी हिंदू विवाह कायद्याला १९५५ साल उजाडावे लागले. या कामाचे मोल मी तसूभरही कमी मानत नाही. मात्र शिक्षणाच्या सक्तीची वयोमर्यादा मुलींसाठी मुलांपेक्षा कमी होती. मुलीने लवकर शाळा सोडून घरी यायचे, हे सुधारकांनीही गृहीत धरले होते, असे मला त्यातून दिसते. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली सहलेखकाबरोबर भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, ते याच कायद्यांच्या काळात. म्हणजे सुधारणा होत असतानाही स्त्रियांना स्वतः बोलण्याची निकड वाटत होती.

साहित्यासाठी ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा १८८२ सालचा निबंध अवश्य वाचावा. त्यामागचे प्रकरण आपल्या शेजारच्या सुरतेतले आहे. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली, आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी तो दोष एका बाईच्या माथी राहू दिला नाही. विधवेला पुनर्विवाह नाकारणाऱ्या आणि स्वतःला मात्र सर्व मोकळीक देणाऱ्या पुरुषांना त्यांनी जाब विचारला.

चित्रकलेत बडोद्याइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल. राजा रविवर्म्याने गायकवाडांसाठी पौराणिक चित्रे काढली. त्यांतील नायिका प्रेक्षकाने पाहावी म्हणून उभी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या नीलिमा शेख यांनी १९८०च्या दशकात ओळखीतल्या एका मुलीवर बारा लहान चित्रांची मालिका केली. चंपा मोठी होते, तिचे लग्न होते, सासरी छळ होतो आणि शेवटी तिला जाळले जाते. लघुचित्रांच्या परंपरेतला हा लहान आकार प्रेक्षकाला चित्राजवळ यायला लावतो आणि एरवी वर्तमानपत्राच्या चार ओळींत आटोपणारा हुंडाबळी इथे टप्प्याटप्प्याने पाहावा लागतो. माझ्या मते या मालिकेचे सामर्थ्य त्या क्रमात आहे, कारण मृत्यूआधीचे तिचे आयुष्य त्यात शिल्लक राहते.

राजकारणात स्त्रीवाद्यांचे एकमत असते, असे समजू नये. बडोद्याच्या दिवाणांची कन्या आणि पुढे १९४९ साली येथील विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसा मेहता यांनी डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत सांगितले, की स्त्रियांनी राखीव जागा मागितलेल्या नाहीत, सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय मागितला आहे. पुढे १९९३ पासून पंचायतींत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०२३ साली लोकसभा व विधानसभांसाठी तशीच घटनादुरुस्ती संमत झाली. न्यायाची वाट पाहून जागा मिळाल्या नाहीत, म्हणून आरक्षण मला आवश्यक वाटते. तरी निवडून आलेल्या बाईच्या वतीने तिचा नवरा कारभार पाहतो तेव्हा हंसाबेनच्या मागणीची आठवण ठेवावीच लागते.

मंडळाने पहिल्या बैठकीत ताराबाईंचा निबंध घ्यावा. तो लहान आहे. सर्वांनी घरूनच वाचून यावे आणि चर्चेला चंपाच्या चित्रांच्या प्रतिमा समोर ठेवाव्यात.