टार्टनला चौकडा म्हणावं का?

एका भाषांतरकर्तीचा प्रश्न असा आहे: 'स्कॉटलंडमधल्या दलदलीत सापडलेल्या जुन्या टार्टनवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मी "टार्टनची पुनर्रचना" लिहिलं होतं, संपादकांनी ते "चौकडीच्या कापडाचा जीर्णोद्धार" केलं. बरोबर कोण?'

तुम्ही बरोबर. संपादकांनी एका फटक्यात दोन शब्द बिघडवलेत.

आधी 'चौकडी'. उभे-आडवे पट्टे एकमेकांना छेदले की मराठीत चौकडा किंवा चौकडी होते. शर्टाची असो की गोव्यातल्या कुणबी बायकांच्या तांबड्या लुगड्याची. (कानातल्या चार मोत्यांच्या दागिन्यालाही चौकडा म्हणतात, पण तो वेगळा.) टार्टन हे स्कॉटलंडचं लोकरी कापड दिसतं चौकडीचं हे खरंच, पण त्याचा प्राण आहे पट्ट्यांच्या क्रमात: कोणत्या रंगाचे किती धागे, कुणानंतर कोण. या क्रमाला तिकडे 'सेट' म्हणतात. मी त्याला बिनदिक्कत 'आवर्तन' म्हणेन. बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम एका पट्ट्यापर्यंत जातो आणि तिथून उलटा परत येतो, आरोह-अवरोहासारखा. जिथून वळतो तो 'परतीचा पट्टा'. साधारणपणे ताण्यात (उभ्या धाग्यांत) जो क्रम, तोच बाण्यात (आडव्या धाग्यांत).

जुन्या चिंधीवरून अख्खं कापड उभं करता येतं ते यामुळेच. दोन परतीचे पट्टे आणि त्यांच्या मधला भाग हाती लागला की उरलेलं आरशात पाहिल्यासारखं मांडता येतं. एकच परतीचा पट्टा सापडला तर पुढचा क्रम अंदाजाचा. आणि मुळात क्रम उलटा न फिरणारी टार्टनंही असतात, म्हणून आरसा धरण्याआधी ते तपासावं लागतं. जुनी चिंधी एखाद्या नोंदलेल्या नमुन्याशी, उदाहरणार्थ बॅनॉकबर्नच्या विल्सन विणकरांच्या 1819 च्या नमुनावहीशी, ताडून पाहताना धाग्यांचे नुसते आकडे जुळवून भागत नाही. सूत जाडंभरडं की बारीक यावर आकडे बदलतात. पट्ट्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र टिकतं.

रंगांचं प्रकरण जास्त अवघड. विणताना रंग मिसळत नाहीत, तरी हिरवा ताणा आणि तांबडा बाणा जिथे भेटतात तिथे डोळ्याला तिसरीच छटा दिसते. चार रंगांच्या अशा दहा छटा होतात: चार शुद्ध, सहा मिश्र. त्यात चिंधी पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीतून निघाली असेल तर सगळंच तपकिरी पडलेलं असतं. तुमच्या लेखातला तुकडा बहुधा स्कॉटलंडमधल्या ग्लेन ॲफ्रिक या दरीतला असावा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सापडलेला, साधारण 55 बाय 43 सेंटिमीटरचा. कार्बन चाचणीतून त्याचा सर्वांत संभाव्य काळ 1500 ते 1600 असा निघाला आणि 2023 मध्ये तो डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात मांडला गेला. रंगांच्या तपासणीत हिरव्यात नीळ किंवा वोड या वनस्पतीचा अंश मिळाला. दोहोंतला निळा घटक एकच असल्यामुळे नेमकं कोणतं ते सांगता येत नाही. बाकीचे रंग इतके विघटित झाले होते की निदान झालं नाही. कृत्रिम रंग सापडले नाहीत, हे वय ठरवताना उपयोगी पडलं. मग 2024 मध्ये हाउस ऑफ एडगर या टार्टन विणणाऱ्या कंपनीने त्यावरून नवं कापड विणलं.

आता 'जीर्णोद्धार' का नको ते लक्षात येईल. जीर्णोद्धार देवळाचा होतो, आहे त्याच वास्तूला हात लावून. इथे जुन्या तुकड्याला कुणी रफूसुद्धा केलेलं नाही. त्यातली रचना वाचली, तुटलेली जागा तर्काने भरली, ही पुनर्रचना. मग त्यानुसार कापड विणलं, त्याला 'पुनर्निर्मिती' म्हणा किंवा सरळ 'नव्याने विणलं' म्हणा. पहिलं तज्ज्ञाचं काम, दुसरं मागावरचं. इंग्रजीत दोहोंना एकच क्रियापद चालून जातं. आपल्याकडे वेगळे शब्द आहेत तर वापरावेत.

जाता जाता एक सापळा. 'प्लेड' शब्द आला तर थांबा. अमेरिकेत तो चौकडीच्या नक्षीला म्हणतात, पण स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला मूळ शब्द 'प्लाइडे' म्हणजे पांघरूण, आणि स्कॉटलंडमध्ये प्लेड म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. गेलिकमध्ये टार्टनला 'ब्रेकन' म्हणतात. 'ब्रेक' म्हणजे चितकबरा. ट्राउट माशालाही ते 'ब्रेक'च म्हणतात, अंगावरच्या ठिपक्यांमुळे. आणि सोळाव्या शतकातल्या तुकड्याला 'अमुक घराण्याचं टार्टन' म्हणू नका. घराण्यागणिक टार्टन ठरवून देण्याची रीत खूप नंतरची, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली.

तुमचं वाक्य असं करता येईल: 'तुकड्यावरून टार्टनच्या क्रमाची पुनर्रचना करून कापड नव्याने विणण्यात आलं.' संपादक 'चौकडी'वर अडून बसले तर पहिल्या उल्लेखात 'टार्टन हे चौकडीचं लोकरी कापड' एवढं देऊन टाका.