कृष्णधवल छायाचित्रांवरील पिवळसर डाग

प्रश्न : घरातील डार्करूममध्ये मी फायबर कागदावर (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या छायाचित्र-कागदावर) जुन्या घरांच्या बाल्कांवांची, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसऱ्यांची, कृष्णधवल छायाचित्रे हाताने छापतो. दोन पावसाळ्यांनंतर त्यांवर पिवळसर तपकिरी डाग उमटले आहेत. कागद बदलावा का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : कागद बदलू नका, माझ्या मते दोष धुण्यात आहे. फिक्सरमधील, म्हणजे उमटलेले चित्र पक्के करणाऱ्या द्रावणातील, हायपो (सोडियम थायोसल्फेट) फायबर कागदाच्या तंतूंत खोल मुरते, आणि ते तिथेच राहिले, तर कालांतराने त्यातील गंधक चित्रातील चांदीशी संयोग पावून तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार होते. आपल्याकडील दमट, उष्ण हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. प्लॅस्टिकचा थर असलेला आरसी कागद काही मिनिटांत धुऊन निघतो. फायबरला मात्र वाहत्या पाण्यात सुमारे तासभर द्यावा लागतो. त्याआधी छायाचित्र सोडियम सल्फाइटच्या 2 टक्के द्रावणात 10 मिनिटे हलवत ठेवल्यास हायपो लवकर सुटते.

शेवटी ओले छायाचित्र कोपऱ्याला धरून त्याचे पाणी पांढऱ्या बशीत निथळू द्या आणि त्यात पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी द्रावणाचा थेंब टाका. रंग चटकन उडाला, तर अजून धुवा. मात्र विहिरीच्या पाण्यातील सेंद्रिय अंशानेही तो उडतो, म्हणून शेजारी नुसत्या पाण्याची बशी ठेवून तुलना करा. फिक्सर जुना असेल, तर तोही बदला, कारण थकलेल्या फिक्सरमुळे कागदात राहिलेली चांदीची संयुगे कितीही धुतले तरी निघत नाहीत.