‘मेजॉरिटी’: बहुमत की मताधिक्य?

प्रश्न: ब्रिटनच्या २०२४ च्या निवडणुकीत साउथ वेस्ट नॉरफोक मतदारसंघातील विजयी उमेदवाराची ‘मेजॉरिटी’ ६३० असल्याचे वाचले, त्यांना मते मात्र जेमतेम २७ टक्के होती. मग बहुमत कसे? विद्यार्थ्यांना हे कसे समजवावे?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर: बातमी बरोबर आहे; फक्त तेथे ‘मेजॉरिटी’ हा शब्द बहुमत या अर्थाने आलेला नाही. ब्रिटनमध्ये मतदारसंघाच्या संदर्भात हा शब्द पहिल्या दोन उमेदवारांच्या मतांतील फरकासाठी, म्हणजे आपण ज्याला मताधिक्य म्हणतो त्यासाठी वापरतात. मजूर पक्षाचे टेरी जर्मी यांना ११,८४७, तर माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांना ११,२१७ मते मिळाली, आणि ६३० हा त्यांतील फरक. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रे अशा ठिकाणी सहसा ‘मार्जिन’ लिहितात.

खरी गल्लत होते ती सभागृहाबाबत. २०१९ मध्ये हुजूर पक्षाने ६५० पैकी ३६५ जागा जिंकल्या, उरलेल्या सर्वांच्या मिळून २८५ झाल्या, आणि म्हणून तेथील बातम्यांत सरकारची मेजॉरिटी ८० असल्याचे छापून आले. त्याच वर्षी भारतीय जनता पक्षाला लोकसभेच्या ५४३ निर्वाचित जागांपैकी ३०३ मिळाल्या, तेव्हा आपण मोजले ते २७२ च्या वर किती जागा आहेत ते, म्हणजे ३१; ब्रिटिश रीतीने हाच आकडा ६३ येतो. दोन्ही हिशेब योग्यच आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून तुलना केली, तर ती चुकीचीच ठरेल.

अमेरिकेत ‘मेजॉरिटी’ म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि निम्म्याहून कमी पण इतरांपेक्षा जास्त मते असतील तर ‘प्लुरॅलिटी’. १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना सुमारे ४३ टक्के लोकमते मिळाली, ती प्लुरॅलिटी. निर्वाचक मते (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील मते) मात्र ५३८ पैकी ३७० होती, म्हणजे तेथे स्पष्ट मेजॉरिटी.

त्यामुळे ‘मेजॉरिटी म्हणजे बहुमत’ एवढेच वहीत उतरवून देणे मला अपुरे वाटते. बातमी कोणत्या देशाची आहे आणि मोजणी मतांची आहे की जागांची, हे विद्यार्थ्यांनी आधी पाहावे. स्वतः लिहिताना त्यांनी ‘वन (won) बाय ६३० व्होट्स’ अशी रचना वापरावी. ती तिन्ही देशांत एकाच अर्थाने वाचली जाते.