ख्रिस्ती घरांत क्रूसावर मेलेल्या येशूची मूर्ती का लावतात? नुसता क्रूस पुरत नाही का?

नाही पुरत. निदान माझ्या आईला तरी पुरत नव्हता.

आम्ही नागपूरचे, सदरमधले. वडील सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे, आई कॅथलिक घरातली. त्या चर्चची स्थापना १९७० साली नागपुरातच झाली, त्याचा वडिलांना फार अभिमान. बैठकीत त्यांचा साधा लाकडी क्रूस असायचा. आईने माहेरून आणलेला पितळी येशू मात्र कपाटात, साड्यांखाली. "प्रभू उठला ना? मग त्याला अजून खिळलेलाच कशाला ठेवायचा?" हे दादाचं ठरलेलं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तो काढून तिच्या खाटेसमोर टांगला. दादाने उतरवला. "आजारी माणसासमोर मरण टांगतेस?" मी पुन्हा लावला. मे महिना, कूलरची घरघर, आणि त्यावर आमचे आवाज. शेवटी आईने तो हातातच मागून घेतला. आजीपासून चोळून चोळून त्या येशूच्या पायाची बोटंही ओळखू येत नव्हती. सलाईन लावलेल्या हाताचा अंगठा ती तिथेच फिरवत पडून राहायची. "याला माहीत आहे दुखणं," एवढंच म्हणायची.

इतिहास थोडा दादाच्या बाजूने आहे. सुरुवातीची काही शतकं ख्रिस्ती लोक क्रूसावर खिळलेला येशू फारसा दाखवतच नव्हते. गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची ती लाजिरवाणी शिक्षा. रोमच्या सांता साबिना चर्चच्या पाचव्या शतकातल्या लाकडी दारावर ते आहे, पण तिथे येशूचे डोळे उघडे आहेत. मान टाकलेला, पोट सुटलेला येशू दिसतो तो जर्मनीतल्या कोलोनच्या गेरो क्रूसावर, दहाव्या शतकात. आणि जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्डने १५१२ ते १५१६ च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेला येशू बघाच: अंगभर काटे रुतलेले, कातडी हिरवट, बोटं वेदनेने वाकडी. त्या मठात राय धान्यावरच्या बुरशीतून होणाऱ्या रोगाचे रुग्ण असत. अंगाची आग व्हायची, हातपाय सडायचे. त्यांच्यासाठी ते चित्र होतं. ते साधू काय रुग्णांना घाबरवत होते? दादाने याचं उत्तर द्यावं.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर समोर काय लावायचं ते त्यालाच विचारा. धडधाकट माणसांनी ठरवू नये.

हां, नुसता क्रूस लावणाऱ्यांची श्रद्धा कमी, असं मुळीच नाही. वडिलांइतकं प्रार्थनेत रमणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पण दुसऱ्याच्या भिंतीवरचा येशू उतरवायचा हक्क कुणालाही नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना.