'अंतःस्फोट' की 'आवळणे'?

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या विज्ञान-अंकासाठी लेसरने घडवलेल्या अणुसंमीलनावर (हलकी अणुकेंद्रकं एकत्र येऊन ऊर्जा निघते, त्या क्रियेवर) लेख लिहिणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: 'असिमेट्रिक इम्प्लोजनमुळे यील्ड घटतं' याला 'इंधनाच्या असममित अंतःस्फोटामुळे उत्पन्न घटते' असं म्हटलं तर चालेल का?

व्याकरणाला चालेल. वाचणाऱ्याला मात्र 'अंतःस्फोट' म्हटलं की आत काहीतरी फुटलं असं वाटणार, आणि घडतं ते उलट. कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेसरचे 192 झोत धातूच्या छोट्या नळकांड्यात शिरतात, त्याच्या भिंतींतून क्ष-किरण निघतात आणि मधल्या सुमारे 2 मिलिमीटरच्या गोळीचं वरचं आवरण बाहेर उडतं. त्याच्या धक्क्याने उरलेलं कवच आतल्या इंधनासह, म्हणजे ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांसह, प्रचंड वेगाने आत जातं. म्हणजे फुटतं ते बाहेर. 'कोसळणे'ही नको, दरड कोसळते, भिंत कोसळते, दिशा खालचीच.

मी 'आवळणे' घेईन. मूठ आवळतो, फास आवळतो: चहूकडून, मधली जागा कमी करत. हे बिघडलं की काय म्हणायचं, तेही तयार आहे. डबा एका बाजूने आत गेला की तो 'चेपला'. आपल्याकडे 'पिचकला' म्हणतील, पण छापताना 'चेपला'च ठेवा. 'असममित' भूमितीत शोभतो; इथे 'विषम' पुरे. मे आणि डिसेंबर दोन्ही सोसलेल्या नागपूरकराला 'विषम हवामान' समजावून सांगावं लागत नाही.

घट का होते, हे सांगायला सोपं मॉडेल आहे. कवचाच्या जागी समोरासमोर येणारे दोन दट्टे धरा, वेग सारखा. वस्तुमानही सारखं असेल तर आदळल्यावर दोघे थांबतात आणि सगळी गतिज ऊर्जा मधल्या इंधनाला तापवते. वस्तुमान 3 आणि 2 असेल, तर संवेग शिल्लक राहतो आणि सगळा गठ्ठा मूळ वेगाच्या एक पंचमांश वेगाने एकीकडे सरकत राहतो. म्हणजे 4 टक्के ऊर्जा नुसती सरकण्यात गेली. आकडा किरकोळ वाटतो खरा. पण संमीलनाचा वेग तापमानावर फार तीव्रपणे अवलंबून असतो, शिवाय पातळ बाजू तप्त इंधनाला पुरेसा वेळ धरून ठेवत नाही. त्यामुळे यील्डमधली घट त्या 4 टक्क्यांहून बरीच मोठी असू शकते.

राहिलं 'यील्ड'. 'उत्पन्न' वाचून पगार आठवतो, 'ऊर्जा-उत्पादन' लिहा. 'उतारा' हा शब्द मोहात पाडतो, पण एकरी उतारा काय किंवा साखरेचा उतारा काय, ते कशाच्या तरी मानाने मोजलेलं असतं. तो 'गेन'साठी, म्हणजे घातलेल्या ऊर्जेच्या किती पट निघाली हे सांगायला, राखून ठेवा. त्याच नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 5 डिसेंबर 2022 रोजी 2.05 मेगाज्यूल लेसर-ऊर्जा घालून 3.15 मेगाज्यूल निघाली, उत्पादन 3.15 मेगाज्यूल, उतारा साधारण दीडपट.

तुमचं वाक्य मी असं करेन: 'इंधन सगळीकडून सारखं आवळलं न जाता चेपलं, की ऊर्जा-उत्पादन घटतं.'