उकरून पाहू नकोस

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चार महिन्यांपूर्वी लावलेल्या ट्युलिपच्या वाफ्यात अजून बोटभर कोंबांपलीकडे काही दिसत नाही, शेजारच्या अंगणात मात्र क्रोकसची छोटी फुले फुलून आली आहेत, आणि म्हणून एखादा कंद हळूच उकरून पाहावा का, असे तू विचारले आहेस. उकरून पाहू नकोस. पत्रात खताचे आणि पाण्याचेही प्रश्न आहेत, पण मी अडखळले ते याच एका प्रश्नापाशी, कारण नेमकी हीच चूक मी केली आहे.

मलाही तेव्हा धीर निघाला नाही. एका सकाळी खुरप्याने माती बाजूला सारून मी कंद वर उचलला, तर तळाशी पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळे दाट लोंबत होती, आणि त्यांतली निम्मी माझ्या हातातच तुटली. ज्या कंदाला मी मेलेला समजत होते, तो अंधारात शरदापासून मुळे सोडत बसला होता. ट्युलिपच्या मुळांना फाटे फुटत नाहीत, तुटली ती गेलीच. मी तो कंद पुन्हा पुरला, माती दाबली, पाणी घातले. त्याची कळी पानांच्या वेढ्यातच सुकली. शेजारचे सगळे फुलले तेव्हा त्या एका रिकाम्या जागेकडे मला पाहवत नव्हते.

आत काय चालले आहे हे पाहण्याची तुझी ओढ मला कळते. तर पुढच्या शरदात, लागवडीच्या आधी, एक कंद त्यासाठी खर्ची घाल. कांद्यासारखा उभा चीर आणि भिंग घे. मधोमध एकमेकांना बिलगलेली इवलीशी पाने दिसतील आणि त्यांच्या पोटात फूल: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, सगळे आधीच घडलेले. म्हणजे फूल तुझ्या खताची वाट पाहत नसते. त्याला हवी असते थंडी, सुमारे ९ अंश सेल्सिअसच्या खालची, साधारण १२ ते १६ आठवडे. याच काळात देठाची लांब होण्याची तयारी होते. थंडी अपुरी पडली तर देठ आखूड राहतो आणि फूल मातीलगतच कसेबसे उमलते. त्यावर उपाय म्हणून पाणी ओतत राहिलीस तर कंद कुजेल, एवढेच होईल. आणि क्रोकसशी तुलना कसली करतेस? तो ट्युलिपच्या आधीच फुलतो, तो त्याचा स्वभाव आहे. १५९३ साली नेदरलँड्समधल्या लायडनला आलेल्या कार्लुस क्लुसियससारख्या जाणत्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही तिथल्या बागेत ट्युलिप फुललेले पाहायला १५९४ चा वसंत उजाडावा लागला. तुला चार महिने जड जातात!

रागावले असे समजू नकोस. पण फुले आल्यावर तू दुसऱ्यांदा घाई करशील, हे मला आत्ताच दिसते आहे. फूल गळले की पाने लोळू लागतात, पिवळी पडतात, वाफा ओंगळ दिसतो, आणि हात कात्रीकडे जातो. तेव्हाही हात लावू नकोस. सुकलेले फूल तेवढे खुड, म्हणजे बी धरण्यात कंदाची शक्ती जाणार नाही. पाने मात्र किमान सहा आठवडे उन्हात राहू दे, कारण पुढच्या वर्षाचा साठा तीच कंदात भरतात. त्यांच्या गाठीही मारू नकोस, गाठीतल्या पानाला ऊन मिळत नाही. पाहुणे येणार म्हणून मी एकदा डॅफोडिलची, म्हणजे अशाच एका कंदाच्या फुलझाडाची, हिरवी पाने कापून वाफा स्वच्छ केला होता आणि पुढच्या वसंतात तिथे नुसती पाने आली. तेव्हापासून माझा वाफा उन्हाळा लागेपर्यंत विस्कटलेलाच असतो. घरचे याला आळस म्हणतात, मी वर्षानुवर्षे ऐकून घेते आणि तरीही कापत नाही. त्याच वाफ्यात ते डॅफोडिल आता दरवर्षी येतात, त्यामुळे हट्टी म्हटल्याचे मला वाईट वाटत नाही.

खुरपे आज आत ठेव. कोंबांवरचा पालापाचोळा फार दाट असेल तर हाताने हलकेच सैल कर, त्याहून अधिक काही नाही. फुले येऊन गेली आणि पाने पूर्ण वाळली की मला लिही. कंद काढून कोरड्या जागी ठेवायचे की जमिनीतच राहू द्यायचे, ते वाफ्यात पाणी किती साचते हे कळल्यावर ठरवू.

तुझी,
मावशी