'ऊर्जादक्ष' की 'ऊर्जाकार्यक्षम'? आणि 'रिअल-टाइम'ला काय म्हणावे?

पुण्यातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला संगणकशास्त्रावर मराठीतून व्याख्यान द्यायचे आहे आणि त्यासाठी तिने 'वितरित वास्तविक-समय प्रणालींमधील ऊर्जा-दक्ष अनुसूचन' (इंग्रजीत 'Energy-efficient scheduling in distributed real-time systems') असे शीर्षक योजले आहे. ते मराठीत चालेल का, असा तिचा प्रश्न आहे. माझ्या मते 'वितरित' आणि 'प्रणाली' हे शब्द राहू द्यावेत. उरलेले तिन्ही शब्दप्रयोग मराठी वाचकाला आडवाटेला नेतात.

संस्कृतात 'दक्ष' म्हणजे कुशल, समर्थ. हिंदीने तो अर्थ जपला, आणि म्हणूनच 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेचे हिंदी नाव 'ऊर्जा दक्षता ब्यूरो' असे आहे. मराठीत मात्र 'दक्षता' सावधगिरीकडे झुकली: साथीच्या दिवसांत आपण दक्षता घेतो, कार्यालयांत दक्षता समित्या असतात. 'ऊर्जादक्ष संगणक' वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर विजेवर पाळत ठेवणारा संगणक आला, तर दोष वाचकाचा नव्हे. 'ऊर्जाबचत' हा शब्द सोपा आहे खरा, परंतु संगणक बंद ठेवूनही ऊर्जा वाचतेच. येथे प्रश्न आहे तो दर ज्यूलमागे किती काम झाले याचा. त्या गुणोत्तराला शालेय भौतिकशास्त्रापासून आपण 'कार्यक्षमता' म्हणत आलो आहोत, तेव्हा जरा लांबट असला तरी 'ऊर्जाकार्यक्षम' हाच शब्द योग्य.

'शेड्युलिंग' म्हणजे कोणते काम केव्हा करायचे हे ठरवणे; पण त्याला 'अनुसूचन' म्हटले की राज्यघटनेच्या अनुसूची आठवतात. 'वेळापत्रक' हे आधी छापून भिंतीवर लावायचे, तर प्रोसेसरवर आता कोणते काम घ्यायचे हे पुष्कळदा ऐनवेळी ठरते. शिवाय प्रणाली वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर पसरलेली असेल, तर काम केव्हा करायचे याबरोबरच कोणत्या यंत्रावर करायचे हेही ठरवावे लागते. खडकवासल्याच्या कालव्यावरील शेतकऱ्यांना या व्यवहाराची कल्पना संगणकवाल्यांपेक्षा जुनी आहे. आवर्तन सुटले की शेजपाळीने, म्हणजे शेजारच्या शेतानंतर आपले शेत अशा क्रमाने, पाणी घ्यायचे. प्रत्येक कामाला आळीपाळीने थोडा थोडा वेळ देणारा प्रोसेसर जवळपास हेच करतो. बोलताना मी 'पाळी लावणे' असेच म्हणेन. शीर्षकात 'केव्हा' आणि 'कुठे' हे दोन्ही सामावणारा 'कार्यनियोजन' हा शब्द बरा.

खरी गफलत 'रिअल-टाइम'ची आहे. बस आत्ता कुठे आहे हे मोबाइलवर पाहताना आपण हा शब्द 'या क्षणीचे' अशा अर्थाने वापरतो, आणि त्यावरून त्याचा संबंध झटपट होण्याशी जोडतो. संगणकशास्त्रात मात्र त्याचा संबंध मुदतीशी आहे: उत्तर बरोबर असून उशिरा आले, तर ते चुकीचेच धरायचे. मोटारीतील एअरबॅग आदळल्यानंतर सावकाश फुगून उपयोग नाही. त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे, 'कालबद्ध'. सरकारी नोकरीतील 'कालबद्ध पदोन्नती'मुळे तो घरोघरी पोचलेला आहे. (ती पदोन्नती किती वेळेवर होते, हा या चर्चेचा विषय नव्हे.)

ही निवड केवळ रुचीची नाही. लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी 1973 मध्ये दाखवले की, ठरावीक काळाने पुन्हा येणारी, एकमेकांवर अवलंबून नसलेली आणि पुढच्या फेरीआधी संपायला हवीत अशी कामे एकाच प्रोसेसरवर असतील, व मुदत सर्वांत जवळ असलेल्या कामाला दर वेळी आधी घेतले, तर प्रोसेसरचा 100 टक्के वेळ भरला तरी एकही मुदत चुकत नाही. त्याऐवजी अधिक वारंवार येणाऱ्या कामाला कायमचा अग्रक्रम दिला, तर कामांची संख्या कितीही असली तरी लागू पडणारी हमी सुमारे 69 टक्क्यांपर्यंतच मिळते. आता पहिल्या रीतीत प्रोसेसरचा 60 टक्केच वेळ भरत असेल, तर प्रोसेसरचा वेग 60 टक्क्यांवर आणूनही सर्व मुदती पाळता येतात. नुसता वेग कमी करून मात्र फारसे साधत नाही, कारण त्याच कामाला ट्रान्झिस्टरांच्या उघडझापी तितक्याच लागतात. फायदा होतो तो कमी वेगाला कमी विद्युतदाब पुरतो म्हणून, आणि प्रत्येक उघडझापीला लागणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते म्हणून: दाब 1 व्होल्टवरून 0.8 वर आला, तर ती ऊर्जा 0.64 पट होते. अर्थात फार रेंगाळूनही चालत नाही, कारण प्रोसेसर जागा असेतो विद्युतप्रवाहाची गळती सुरूच राहते.

म्हणजे येथील ऊर्जा वाचते ती काम तत्काळ न उरकता मुदतीपर्यंतची सवड वापरल्यामुळे. 'रिअल-टाइम'साठी काही जण सुचवतात तो 'तत्काळ' हा शब्द घेतला, तर शीर्षक व्याख्यानाच्या नेमके उलट बोलेल. मी लिहीन: 'वितरित कालबद्ध प्रणालींमधील ऊर्जाकार्यक्षम कार्यनियोजन'. 'ऊर्जाकार्यक्षम' हा सामासिक शब्द आहे, तेव्हा तो जोडून लिहावा.